अथणी-विजापूर वाईन फेरी: आधी विचारा, बाटली कधी फोडली

सोमवारी फोडलेली बाटली आम्हाला शनिवारी पाजली, आणि वर माणशी आठशे रुपये घेतले. म्हणून हे लिहितोय.

आम्ही चौघं बेळगावच्या टिळकवाडीतून पहाटे साडेपाचला निघालो. गाडी कोण चालवणार, म्हणजे कोण पिणार नाही, हे आदल्या रात्रीच ठरवा. तिथं पोचल्यावर कोणी ऐकत नाही. संकेश्वरपर्यंत हायवे आहे, काही सांगण्यासारखं नाही. चिकोडीपासून अथणीपर्यंत मात्र हंगामात उसाचे ट्रॅक्टर. दोन-दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर, आणि गाणं इतक्या जोरात की आपला हॉर्न त्याला ऐकूच जात नाही. एका ट्रॉलीमागं आम्ही पाऊण तास रांगत होतो. परतताना हाच पट्टा रात्री लागला. एक ट्रॉली दिसली तेव्हा बॉनेटपासून चार हातांवर होती. अंधार पडल्यावर या रस्त्यानं येऊ नका. विजापुरात मुक्काम करा, पैसे गेले तरी चालतील.

अथणीच्या अलीकडं मित्राच्या मामांची बाग आहे. थॉमसन जातीच्या हिरव्या द्राक्षांचे घड दाखवत मामा म्हणाले, "हे बेदाण्याचं बाबा. पातळ साल, बी नाही. वाईनचं द्राक्ष बारकं, जाड सालीचं, खाताना बिया थुकाव्या लागतात." रेड वाईनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, म्हणून ती सालीसकट आंबवतात, व्हाईटला रस काढून साल आधीच बाजूला करतात. मामांकडचा हा अर्धा तास पुढं कामाला आला.

कारण वाईनच्या त्या ठिकाणी (नाव लिहीत नाही) फोटोसाठी जो मांडव दाखवला तो थॉमसनचा होता. "याच वेलींची आमची रेड," असं तो माणूस हसत म्हणाला. हिरव्या द्राक्षाची रेड! मित्रानं माझा दंड दाबला, "गप बस की रे, आधी पिऊन तर बघू."

पहिली सोव्हिन्यो ब्लाँ, म्हणजे व्हाईट. हिला पिकत आलेल्या पेरूचा, कापलेल्या गवताचा, कधी हिरव्या ढोबळी मिरचीचा वास यायला हवा. ग्लासात होता जुन्या मधाचा रंग, आणि वास चिरून ठेवलेल्या सफरचंदाचा. म्हणजे हवा लागून गेलेली. कौंटरवरच्या पोराला कन्नडमध्ये विचारलं, "यावाग तेगदिरी?" (कधी उघडली?) पोरगं सरळ होतं, म्हणालं, "सोमवार री." मालकाचा चेहरा बघण्यासारखा झाला. मराठीत किंवा इंग्रजीत विचारलं असतं तर "आत्ताच" हे उत्तर मिळालं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मग शिराझ, ही रेड. खोलीत घाम फुटत होता आणि बाटली त्याच खोलीत उभी. नाकात नुसतं स्पिरिट. "रेड रूम टेंपरेचरलाच पितात सर." अहो, ती रूम थंड देशातली! रेडला सोळा ते अठरा अंश लागतात, व्हाईटला आठ ते दहा. बर्फाची बादली मागून वीस मिनिटं बाटली त्यात बुडवली, आणि तीच वाईन बदलली. काळी मिरी आली, जांभळाचा तुरटपणा आला. वाईन वाईट नव्हतीच, पाजणारा वाईट होता. त्याच आनंदात दोन बाटल्या घेतल्या.

तर जाणाऱ्यांनी बाटली डोळ्यांदेखत उघडायला लावा. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरचा वास आला तर ग्लास परत. ओल्या पुठ्ठ्याचा आला तर बूच बिघडलेलं, तीही परत. फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल, ही समजूत सोडा. आपल्या उन्हात व्हाईटला तेच बरं. सोव्हिन्यो किंवा शेनिन ही दुसरी व्हाईट घ्यायची तर लेबलवर सगळ्यांत अलीकडचं साल बघा. आपल्याकडं काढणी जानेवारी ते मार्चमध्ये होते, त्यामुळं ताजी मिळते; तीन वर्षांची शेनिन कोणी "जुनी म्हणून भारी" सांगत असेल तर दुकान बदला. लेबलवर 'रिझर्व्ह' छापलंय म्हणून जास्त पैसे मोजू नका. आणि ज्यांना गोड पोर्टच आवडते त्यांनी एवढी धूळ खाऊच नये. चोर्ला घाटावरून गोव्याला जावं, तिथंच प्यावं, परवान्याशिवाय बाटल्या आणू नयेत. परतीच्या वाटेवर कणकुंबीला गाड्या तपासतात.

दुसऱ्या दिवशी गोलघुमट पाहिला. मस्त आहे.

चूक तिथंच झाली, आणि ती माझी. दोन्ही शिराझ डिकीत, गाडी तीन तास उन्हात. परत येऊन बघतो तर बुचं वर सरकलेली, गळे चिकट. थर्माकोलचा डबा आणि बर्फ घरूनच न्या, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एक बाटली घरी उघडली, जॅम शिजवून ठेवल्यासारखी लागली. दुसरी फ्रिजमध्ये आडवी पडून आहे, आणि आईनं तिच्यावर कुंद्याचा डबा ठेवलाय.