माहेराकडून गडाकडे

मार्चअखेर आणि चैत्र आमच्या घरात एकमेकांच्या पाठोपाठ येतात. मी धुळ्यातील एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करतो. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते, व्याजाच्या नोंदी पडतात, खतावण्या जुळवाव्या लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत गल्लीतले जिभाऊ वही घेऊन दारोदार फिरू लागतात, कारण सप्तशृंगी गडाच्या पायी वारीला कोण कोण येणार, हे त्यांना ठरवायचे असते. २०२५ मध्ये रामनवमी ६ एप्रिलला आणि चैत्र पौर्णिमा १२ एप्रिलला होती. गडावरचा चैत्रोत्सव याच सात दिवसांचा असतो. धुळ्याहून लळिंग, झोडगे, मालेगाव, सौंदाणे, देवळा, कळवण असे करत नांदुरीला पोहोचायचे म्हणजे सव्वाशे किलोमीटरांच्या वर चाल होते.

मला रजा मिळाली, पण मन मोकळे नव्हते. पिग्मी खात्यांची, म्हणजे एजंट रोज थोडे थोडे पैसे गोळा करतात त्या बचत खात्यांची, बेरीज आणि मुख्य खतावणीतला आकडा यांत २,७०० रुपयांचा फरक राहिला होता आणि तो शोधण्यात माझ्या तीन रात्री गेल्या होत्या. शिवाय माझा संघ हरत होता. हे दुसरे दुःख पहिल्याच्या शेजारी ठेवणे काहींना योग्य वाटणार नाही, परंतु २००८ पासून मी आयपीएल क्रिकेटमधल्या मुंबई इंडियन्सचा प्रत्येक सामना मनापासून पाहत आलो आहे, आणि ज्या माणसाने इतकी वर्षे एखाद्या गोष्टीत जीव गुंतवला आहे, त्याला तिचा त्रास खराच होतो. २०२४ मध्ये संघ तळाला राहिला होता. २०२५ च्या ४ एप्रिलला लखनौमध्ये आम्ही १२ धावांनी हरलो, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी मी खांद्यावर ढोलकी अडकवून घराबाहेर पडलो.

बरोबर माझा सतरा वर्षांचा भाचा होता. त्याची आई, म्हणजे माझी बहीण, शिरपूरला सासरी असते. तिने देवीसाठी हिरवा खण मुलाच्या हाती पाठवला होता आणि ‘मामाचा हात सोडू नकोस’ असे बजावले होते. भाचा चेन्नईचा, त्यातही धोनीचा चाहता आहे. त्याचा संघ तर आमच्याहूनही वाईट अवस्थेत होता.

रामनवमीचा जन्मोत्सव आटोपून आम्ही संध्याकाळी निघालो आणि पहिला मुक्काम लळिंगच्या पायथ्याशी केला. चैत्रात खान्देशचे ऊन कसे असते, हे ज्याने सोसले आहे त्याला सांगावे लागत नाही. पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो आणि दुपारी महामार्गाचे डांबर चपलेच्या तळाला चिकटते. म्हणून पहाटे तीनला उठायचे, नऊपर्यंत चालायचे, दुपार एखाद्या मंदिराच्या ओसरीत नाहीतर निंबाखाली काढायची आणि पाचनंतर पुन्हा निघायचे, असा जिभाऊंचा नेम आहे. चालताना मोबाइल हातात घ्यायचा नाही, हाही त्यांचाच नेम. मुक्कामाला गेल्यावर मात्र ज्याचा तो मोकळा असतो.

पहाटेच्या चालीत ढोलकी माझ्याकडे असते. लहानपणी गल्लीतल्या भजनी मंडळात शिकलो, पुढे नोकरीमुळे सराव तुटला, आणि आता वर्षातून जे काही वाजवतो त्यातले बरेचसे याच रस्त्यावर वाजवतो. उन्हात ढोलकी सांभाळणे हे एक वेगळेच काम असते. पहाटेच्या गारव्यात पुडी, म्हणजे तोंडावरचे कातडे, ढिली पडते, शाईचा, म्हणजे उंच स्वराच्या तोंडाचा, सूर उतरतो आणि कड्या सरकवून तो चढवावा लागतो. आठ वाजून ऊन तापू लागले की तेच कातडे आवळते, सूर चढत चढत कर्कश होतो, आणि वेळेवर दोर सैल केला नाही तर पुडी फाटण्याची भीती असते. मी ओल्या फडक्यात गुंडाळलेली ढोलकी कापडी पिशवीत ठेवून ती अंगाच्या सावलीच्या बाजूला धरतो. आरवीच्या पुढे एका चढावर धुमेच्या, म्हणजे खर्जाच्या तोंडाच्या, बाजूची एक कडी निसटली, तेव्हा भाच्याने रस्त्याकडेच्या दगडावर बसून गुडघ्यात ढोलकी धरली आणि मी दातांनी दोर ओढून ती बसवली. त्या पाच मिनिटांत दिंडी बरीच पुढे गेली होती. अंधारात फक्त रथावरचा दिवा दिसत होता आणि ‘बोल अंबे की जय’ असा आवाज वाऱ्यावर मागे येत होता. तिला गाठताना माझ्या टाचेला पहिला फोड आला.

७ एप्रिलचा मुक्काम झोडग्याला होता. महामार्गाच्या कडेला तिथे माणकेश्वराचे जुने दगडी मंदिर आहे. शिखरावर लहान लहान शिखरांच्या ओळी रचत नेलेले हे भूमिज शैलीचे काम मी दरवर्षी थांबून पाहतो. त्या रात्री वानखेडेवर मुंबई आणि बंगळूर यांचा सामना होता. साडेसातला सामना सुरू झाला तेव्हा आमची आरती चालू होती, आणि त्यानंतर दहापर्यंत भजन. मी वाजवत होतो. मागे पोरांच्या घोळक्यातून मधूनच आवाज उठत होता. बंगळूरने २२१ धावा केल्या, हे मला एका गाण्याच्या कडव्यावर कळले. हात तालात होते, परंतु मन तालात नव्हते, आणि त्याची मला लाज वाटत होती.

ही लाज जुनी आहे. २०१९ च्या चैत्रात मी गडावर दोन गोष्टी मागितल्या होत्या: नोकरीत कायम व्हावे आणि मुंबईने विजेतेपद मिळवावे. मे महिन्यात अंतिम सामन्यात मुंबईने चेन्नईला एका धावेने हरवले. नोकरीत कायम व्हायला मला आणखी दोन वर्षे लागली. देवीने चुकीची मागणी पुरी केली, असे त्या काळात मी मनात म्हणत असे. देवीशी असा हिशेब मांडल्याचे मला अजून वाईट वाटते. त्या वर्षी आई शेवटची चालत आली होती. पुढे तिचे गुडघे गेले.

भजन संपल्यावर मी पोरांत जाऊन बसलो. तिलक वर्मा आणि हार्दिक पंड्या यांनी ३४ चेंडूंत ८९ धावा जोडून हातचा गेलेला सामना परत आणला होता. शेवटच्या षटकात १९ धावा हव्या होत्या, चेंडू कृणाल पंड्याच्या हातात होता, आणि त्या षटकात तीन गडी गेले. पुन्हा १२ धावांनी पराभव. मी काही न बोलता उठलो आणि ओसरीच्या पायरीवर बसून टाचेच्या फोडात सुईने दोरा ओवू लागलो. असा दोरा दोन्ही बाजूंनी थोडा लोंबता ठेवला की पाणी झिरपून जाते आणि कातडी निघत नाही. वर खोबरेल आणि हळद लावायची. शेजारी दिंडीतल्या सर्वांत वयस्क आक्का वाती वळत होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले आणि विचारले, यंदा गडावरच्या आईकडे काय मागणार? मी म्हणालो, आक्का, काय मागावे तेच कळत नाही. त्यावर त्या अहिराणीत म्हणाल्या, “आंडेरना घर मांगाले जातस का रे भाऊ? तिले देखाले जातस.”

लेकीच्या घरी मागायला जातात का? तिला बघायला जातात.

खान्देश हे देवीचे माहेर, असे आमच्याकडे मानतात. हे मी लहानपणापासून ऐकत होतो, पण त्याचा अर्थ कधी लावला नव्हता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. ही एक लेक मात्र डोंगर सोडून येऊ शकत नाही, म्हणून आखाजीच्या आधी, चैत्रातच, माहेरची माणसे साडी-खण-नारळ घेऊन तिच्याकडे चालत जातात. वर्षानुवर्षे मी आईकडे जावे तसा गडावर जात होतो, हात पसरून. लेकीकडे जाणारा बाप हात पसरत नाही. तो पिशवीत काहीतरी घेऊन जातो आणि तिचे बरे चालले आहे ना, एवढेच पाहतो. त्या रात्री मला झोप कमी मिळाली, पण गाढ मिळाली.

मालेगाव आम्ही दुसऱ्या दिवशी उन्हाच्या आत ओलांडले. मोसमचा पूल, गर्दी, ट्रकांचे भोंगे, आणि एका दुकानदाराने प्रत्येकाच्या हातात दिलेला थंड ताकाचा पेला, एवढेच लक्षात आहे. सौंदाण्याकडे जाताना २,७०० हा आकडा डोक्यात घोळत होता. मग अचानक ध्यानात आले की तो ९ ने भागला जातो. हिशेबाच्या कामातली ही पहिली शिकवण आहे: फरक ९ ने भागला जात असेल, तर कुठेतरी दोन अंक उलटे लिहिले गेले असण्याची शक्यता असते. तीन रात्री मी राहून गेलेली नोंद शोधत होतो. उलटी पडलेली नोंद शोधायला हवी होती. दुपारच्या विसाव्यात मी सहकाऱ्याला फोन करून पिग्मी एजंटांच्या शेवटच्या आठवड्याच्या चिठ्ठ्या तपासायला सांगितले. संध्याकाळी त्याचा निरोप आला की ५,२०० रुपयांची एक जमा २,५०० अशी टाइप झाली होती. मी रस्त्यातच उभा राहून हात जोडले. तसे करण्यात भक्ती किती आणि सुटका किती होती, हे मी वेगळे करू शकलो नाही.

देवळ्याकडे वळल्यावर माणसांचे बोलणेही हळूहळू बदलते आणि शिवारही. त्या दिवसांत उन्हाळ कांद्याची काढणी चालू होती. शेताशेतांत बायका उकिडव्या बसून विळ्याने पात कापत होत्या, बांधावर कांद्याचे ढीग वाळलेल्या पातीखाली झाकलेले होते, आणि दोन-दोन किलोमीटर तो तिखट-गोड वास पाठ सोडत नव्हता. एका शेतकऱ्याने आमच्यासाठी विहिरीवरची मोटर सुरू केली. पाइपच्या धारेखाली शंभर माणसांनी पाय धुतले. त्याच्या घरून भाकरी, ठेचा आणि फोडलेले कांदे आले. जिभाऊंनी पैसे देऊ केले, तर तो म्हणाला, “तुम्ही तिच्या माहेरचे. तुमच्याकडून घेऊ का?” कांद्याला काय भाव मिळेल याची त्याला चिंता होती, ते तो बोललाही, पण त्याने पाच किलोंची पिशवी रथात ठेवलीच.

११ एप्रिलला, चतुर्दशीच्या दिवशी, आम्ही नांदुरीला पोहोचलो. पुढे सुमारे दहा किलोमीटरचा घाट आहे. यात्रेच्या दिवसांत खासगी वाहने खालीच थांबवतात आणि वर एसटीच्या बस चालतात, पण आमच्यातला एकही जण बसमध्ये चढला नाही. शेवटच्या वळणांवर भाचा माझ्यापुढे चालत होता आणि मला ढोलकी मागत होता. मी ती त्याच्याकडे दिली. त्याला वाजवता येत नाही, तरी त्याने ती छातीशी धरून गडापर्यंत नेली.

त्या रात्री चेन्नईचा सामना होता. ऋतुराज गायकवाड दुखापतीमुळे बाहेर गेल्याने धोनी पुन्हा कर्णधार झाला होता, आणि भाच्याला वाटत होते की आज सर्व बदलेल. चेन्नईने स्वतःच्या मैदानावर २० षटकांत ९ बाद १०३ धावा केल्या आणि कोलकात्याने त्या अकराव्या षटकातच पार केल्या. सलग पाचवा पराभव. पोर रडकुंडीला आले होते. मी त्याला समजावण्याच्या भानगडीत पडलो नाही, कारण असे दुःख कोणी समजावल्याने जात नाही. फक्त त्याला घेऊन पटांगणात गेलो. हजारो माणसे अंधारात डोंगराच्या सुळक्याकडे पाहत उभी होती. चैत्र चतुर्दशीच्या रात्री दरेगावच्या गवळी घराण्यातील मानकरी देवीचा कीर्तिध्वज घेऊन त्या सरळसोट कड्यावर चढतात. पिढ्यानपिढ्या हा मान त्यांचा आहे. वरचे माणूस दिसत नाही. वाट कुठून आहे, तेही खालून कळत नाही. भाच्याने विचारले, “मामा, ते वर पोहोचले हे आपल्याला कसे कळणार?” मी म्हणालो, सकाळी दिसेल.

आम्ही तिथेच घोंगडीवर आडवे झालो. पहाटे मला त्यानेच हलवून उठवले. सुळक्याच्या टोकावर, अजून निळसर असलेल्या आभाळात, केशरी ध्वज फडकत होता, आणि आजूबाजूची माणसे एकमेकांना तो बोट दाखवून सांगत होती, जणू प्रत्येकाला तो पहिल्यांदाच दिसला होता.

दर्शनाच्या रांगेत पाच तास गेले. शेवटी सुमारे पाचशे पायऱ्या आणि मग ती आठ फुटांची, अठरा हातांची मूर्ती, मान किंचित कललेली. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी सप्तशतीचा पाठ करीत आणि ती तो कान देऊन ऐके, म्हणून मान कलली, असे सांगतात. २०२२ मध्ये शेंदराचा जाड थर काढल्यावर मूर्तीचे मूळ रूप समोर आले. आईने ते अजून पाहिलेले नाही. तिच्या डोळ्यांपुढे अजून शेंदरी मुखच आहे. निघताना ती म्हणाली होती, नीट बघून ये आणि मला सांग. म्हणून मी या वेळी डोळे मिटले नाहीत. भाच्याने बहिणीचा खण पुढे केला, पुजाऱ्याने तो देवीच्या पायांना लावून परत दिला, आणि मागच्या रेट्याने आम्ही बाहेर आलो. मी काही मागितले नाही. मनात फक्त इतकेच आले की बाई, बरी आहेस ना.

१३ तारखेच्या रात्री घरी गरम पाण्यात पाय सोडून दिल्लीविरुद्धचा सामना पाहिला. एकोणिसाव्या षटकात दिल्लीचे तीन फलंदाज लागोपाठ धावबाद झाले आणि मुंबई जिंकली. १२ धावांनी. आई शेजारी बसून देवीचे डोळे कसे आहेत, ते तिसऱ्यांदा विचारत होती. मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि तिला पुन्हा सगळे सांगितले: कपाळ केवढे आहे, मान कुठल्या बाजूला आहे, नथ कशी दिसते.

खण आता देवघरात आहे. भाचा तो शिरपूरला नेणार होता, पण मीच ठेवून घेतला. आखाजीला बहीण येईल, तेव्हा तिला तो माहेरी, आईच्या हातून द्यायचा आहे.