अण्णांचा काउंटर आणि माझे पल्स

माजलगावात आमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. उसाला पाणी द्यायचे दिवस आले की जळालेले पंप दारात रांगेनं पडतात. ते अण्णा आणि कारागीर बघतात. स्टॅबिलायझर आणि बॅटरी चार्जरचे ट्रान्सफॉर्मर माझ्याकडं. डिप्लोमा करून परत आले तेव्हापासून हे काम माझंच.

बॉबिन, म्हणजे तार गुंडाळायचा साचा, भरणं म्हणजे मोजणं. 10 चौरस सेंटिमीटरचा कोअर (आतला लोखंडी गाभा) असला तर 50 हर्ट्झला, 1 टेस्ला चुंबकीय क्षेत्र धरून, एका व्होल्टला तारेचे साडेचार टर्न, म्हणजे वेढे, बसतात. 230 व्होल्टला 1035. एका हातानं हॅण्डल मारायचं, दुसऱ्या हाताच्या बोटांनी तार सरकवत न्यायची, एकाला एक चिकटून. हॅण्डलला जुना आकड्यांचा काउंटर आहे, त्यामुळं मोजणी चुकत नाही. पण संध्याकाळपर्यंत खांदा भरून येतो आणि तारेनं बोट कापतं ते वेगळंच. म्हणून मी दोन स्टेपर मोटर मागवल्या, त्यांच्यासाठी ए4988 ड्रायव्हर (मोटरीला करंट देणारे छोटे बोर्ड) आणि एक अर्डुइनो उनो (प्रोग्राम भरता येणारा छोटा कंट्रोलर बोर्ड). एक मोटर बॉबिन फिरवणार, दुसरी स्क्रूवरून तार सरकवणार.

अण्णांनी मोटर हातात घेऊन आधी पट्टी शोधली. "किती आरपीएमची?" त्यांच्या मोटरींवर 1440 लिहिलेलं असतं. फिरतं चुंबकीय क्षेत्र 1500 चं आणि रोटर त्याच्या मागं राहिलेला, हा फरक म्हणजे स्लिप. मी म्हटलं, हिला आरपीएम नाही. एक पल्स, म्हणजे विजेचा एक ठोका, दिला की 1.8 अंश सरकते आणि थांबते, 200 पल्सला एक फेरा. स्लिप नाही. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसत नव्हतं.

मोटरीत दोन कॉइल असतात. चार वायरींत एकाच कॉइलची जोडी कोणती हे मी मीटरवर शोधत होते. अण्णांनी दोन वायरींची टोकं एकमेकींना पिळली आणि शाफ्ट बोटानं फिरवला. मोकळा फिरला. दुसरी वायर घेतली, शाफ्ट जड झाला. "ही जोडी." कॉइल शॉर्ट झाली की फिरणारं चुंबक तिच्यात करंट काढतं आणि तोच करंट त्याला अडवतो. त्यांनी आयुष्यात स्टेपर मोटर पाहिली नव्हती, तरी त्यांच्या बोटांना हे माहीत होतं. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

पहिलं बॉबिन वाया गेलं, चूक माझी. स्क्रूचे आटे मोजले, दोन आट्यांत 2 मिलिमीटर. मग एका फेऱ्याला तार 2 मिलिमीटर सरकणार असं धरलं. पण त्या स्क्रूवर एकच आटा नसतो, चार आटे शेजारी शेजारी गुंडाळलेले असतात. एका फेऱ्याला नट 8 मिलिमीटर जातो. तारा चौपट लांब पडल्या, बॉबिन सुतळी गुंडाळल्यासारखं दिसायला लागलं. हिशेब असा हवा होता: ड्रायव्हर सोळाव्या भागाच्या स्टेपवर ठेवला, म्हणजे 1.8 अंशांचे सोळा भाग केले, तर एका फेऱ्याला 3200 पल्स, म्हणजे एका मिलिमीटरला 400. आमची 24 गेजची तार एनॅमलसकट 0.60 मिलिमीटर भरते, म्हणून एका टर्नला 240 पल्स.

बॉबिनची मोटरसुद्धा आधी सोळाव्या भागावर होती. तयार लायब्ररी (मोटर चालवायचा आयता कोड) उनोवर सेकंदाला साधारण 4000 पल्सपर्यंतच भरवशानं जाते, म्हणजे मिनिटाला 75 फेरे. त्यापेक्षा हॅण्डल बरं. मग बॉबिनचा ड्रायव्हर चौथ्या भागावर आणला, फेऱ्याला 800 पल्स. प्रोग्राम मीच लिहिला: बॉबिनला 10 पल्स गेले की स्क्रूला 3 जायचे, उरलेली बाकी पुढच्या पल्सच्या खात्यात. सेकंदाला तीन फेरे धरले तर 1035 टर्न पावणेसहा मिनिटांत होतात.

करंटचं सांगायलाच हवं, कारण बहुतेक ड्रायव्हर तिथंच जातात. माझ्या बोर्डवरच्या रेझिस्टरवर आर100 लिहिलंय, म्हणजे 0.1 ओहम. बोर्डवरचा छोटा स्क्रू फिरवून करंटची मर्यादा ठरवणारं संदर्भ व्होल्टेज 0.8 वर आणलं की एका कॉइलला 1 अँपिअर मिळतो. मोटरच्या सप्लायवर, ड्रायव्हरला अगदी खेटून, 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा. आणि सप्लाय चालू असताना मोटरची वायर कधीच काढायची नाही. एक ड्रायव्हर मी तसाच घालवला.

लेयर संपला की मशीन थांबतं, अण्णा कागद लावतात, मी बटण दाबते. तसं थांबलेलं असताना त्यांनी मोटरला हात लावला आणि दचकले. "माय, बंद कर, जळायलीय!" त्यांच्या धंद्यात उभी मोटर तापली म्हणजे वाइंडिंग गेलंच. मला समजवायला वेळ लागला: ही उभी असतानाच बॉबिन धरून ठेवते, करंट चालूच असतो, ड्रायव्हर तो एका अँपिअरच्या वर जाऊ देत नाही. सोडली तर ताणलेली तार बॉबिन मागं फिरवेल.

सगळं जमलं असं वाटलं तेव्हा अण्णांनी मशीनच्या शाफ्टला तो जुना काउंटर बसवायला लावला. मला जरा वाईट वाटलं. स्क्रीनवर आकडा दिसत होता ना! बॉबिन भरलं. स्क्रीनवर 1035, काउंटरवर 1018.

"तुझं मशीन किती सांगितले ते मोजतंय. फिरले किती?"

खरंच होतं. उनोनं पल्स पाठवले, मोटर काही वेळा तारेच्या ओढीपुढं अडली, आणि उनोला ते कळायचा काही मार्गच नव्हता. 17 टर्न म्हणजे पावणेचार व्होल्ट. गिऱ्हाइकाला जाणवलंही नसतं. पण मी स्लिप नाही असं छातीठोक सांगितलं होतं आणि हे त्याहून वाईट होतं. स्लिप निदान अँमीटरवर दिसते.

दोन दिवस कारण शोधलं. मी मोटर एकदम पूर्ण वेगानं सुरू करत होते. वेग वाढला की कॉइलमध्ये करंट चढायला वेळ पुरत नाही, जोर कमी होतो, आणि रीळ जडपणे सुटत असलं की तेवढ्यात पल्स निसटतो. आता सुरुवात सेकंदाला अर्ध्या फेऱ्यानं, दोन सेकंदांत चढत पूर्ण वेग, थांबताना तसंच उतरत. तार दोन नमद्यांच्या मधून जाते, ओढ सारखी राहते. सप्लाय फवारणी पंपाच्या 12 व्होल्ट बॅटरीवर घेतलाय. आमच्याकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि ती गेली की उनोच्या मेमरीतला आकडा पुसला जातो. प्रत्येक टर्नला ईईप्रॉममध्ये, म्हणजे लाईट गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, लिहावं म्हटलं तर एका जागी साधारण 1 लाख वेळा लिहायचीच हमी असते. रोज बॉबिन भरणाऱ्या दुकानात तेवढं लवकर संपेल.

या आठवड्यात अकरा बॉबिन भरली. अकराही वेळा दोन्ही आकडे जुळले. काउंटर शाफ्टवरच आहे. अण्णा बॉबिन उतरवताना आधी तो वाचतात, मग वहीत लिहितात, मग तो शून्यावर आणतात. मी त्याच शाफ्टला एक चुंबक आणि हॉल सेन्सर (चुंबक जवळ आलं की ओळखणारा) लावायला घेतलाय, म्हणजे फिरलेले फेरे उनोलाही दिसतील आणि फरक पडला की मशीन आपोआप थांबेल. सेन्सरचा ब्रॅकेट अण्णा पत्र्यातून कापून देतायत.