दीड किलोचा रोबो आणि फेलसेफची ती लाईन (माझा अनुभव)

रोबोंच्या लढतीच्या स्पर्धेसाठी रोबो बनवायला अडीच महिने लागले आणि तो लढतीआधीच्या तपासणीत पास करून घ्यायला एक अख्खा दिवस, आणि खरं सांगतो, त्या एका दिवसानेच जास्त दमवलं. राग अजून गेलेला नाही म्हणून लिहितोय.

आधी थोडक्यात. पवईला आयआयटीच्या टेकफेस्टमधे रोबोवॉर्स, म्हणजे रोबोंच्या मारामाऱ्या, बघितल्यापासून डोक्यात किडा होता, पण ते अवजड रोबो आपल्या बाल्कनीत काही होणार नाहीत. मग दीड किलोचीही कॅटेगरी असते हे कळलं आणि नववीतला भाचा मागेच लागला, मामा करूया ना, करूया ना. बॉडी आईच्या चॉपिंग बोर्डाची केली. हसू नका, तो पांढरा जाड एचडीपीईचा बोर्ड असतो ना, तो करवतीने छान कापला जातो आणि मार बसला की तडकत नाही, नुसता दबतो. ब्लेड भोसरीत एका वर्कशॉपमधून कापून आणलं, बाकी बरंचसं पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळालं.

मोटरचं मात्र चुकलं. आधी जॉन्सन मोटर घेतल्या, चार लावल्यावर वजनाचाच बोऱ्या वाजला, मग दोनच छोट्या गिअर मोटर ठेवल्या. आणि ते मोटर चालवायचं लाल रंगाचं एल298एन बोर्ड कॉलेजच्या प्रोजेक्टमधून घरात पडलेलं असेल तर पडू द्या, ते जवळजवळ दोन व्होल्ट स्वतःच खातं आणि तापतं, त्यापेक्षा सरळ ब्रश्ड ईएससी (मोटरचा स्पीड कंट्रोलर) घ्या. वेपनला, म्हणजे त्या फिरत्या ब्लेडला, ड्रोनची 2212 मोटर, 1000 केव्हीची (केव्ही म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे). तीन सेलच्या बॅटरीवर 1000 गुणिले 11.1 म्हणजे लोड नसताना मिनिटाला 11,100 फेरे. पहिल्यांदा फिरवली तेव्हा आई स्वयंपाकघरातून ओरडली, मिक्सर कुणी लावलाय?

आता तो दिवस.

सकाळी साडेनऊला टोकन मिळालं, 31 नंबर. कॉलेजची पोरं तपासायला बसलेली, एक टेबल, वेपन फिरवायला एकच बंद पेटी, आणि नियम असा की नापास झालात की लाईनीच्या शेवटी. वजन 1 किलो 462 ग्रॅम, पास. वेपन लॉक (ब्लेड चुकून फिरू नये म्हणून अडकवायची खीळ), पास. मग रोबो लाकडी ठोकळ्यावर ठेवला, चाकं हवेत. चाकं फिरवायला सांगितली आणि ती फिरत असतानाच त्या पोराने माझ्या हातातला रिमोट बंद केला. चाकं फिरतच राहिली.

"काका, फेलसेफ नाहीये. फेल. परत लाईनीत या."

एवढंच. फॉर्मवर एक रकाना, फेलसेफ होय/नाही, त्यात फुली. का नाही, कुठे बघू, काही नाही. नियमावलीतही एकच ओळ, फेलसेफ अनिवार्य. अहो पण करायचं कसं? वर चाकं फिरतायत, आता बॅटरी तोडायची तर माझी किल स्विचची लिंक (ओढली की बॅटरी तुटते ती जोडणी) झाकणाखाली, झाकणाला आठ स्क्रू, मागे वीस जण खोळंबलेत आणि भाचा घामाघूम होऊन स्क्रू काढतोय. (लिंक बाहेरून हाताने ओढता येईल अशीच लावा, आम्ही तिथेच झाकणाला भोक पाडलं.)

अर्थ मला माहीत होता. रिमोटचा सिग्नल गेला की रोबोने जागच्या जागी गप्प व्हायला हवं, नाहीतर रेंज गेलेला रोबो ब्लेड फिरवत कुणाच्या पायावर जाईल. पण मला वाटायचं रिसीव्हर (रोबोतला, रिमोटचा सिग्नल पकडणारा) ते आपोआप करतो. माझा रिमोट फ्लायस्काय एफएस-आय6, नवशिक्यांकडे बहुतेक हाच असतो, आणि त्यात प्रत्येक चॅनलचं फेलसेफ आपणच सेट करायचं असतं. ते ऑफ असेल तर सिग्नल गेल्यावर रिसीव्हर शेवटची पोझिशन धरून बसतो. शेवटची पोझिशन म्हणजे आमची फुल स्पीड.

मेनू शोधला, सिस्टिममधे आरएक्स सेटअप, त्यात फेलसेफ. सगळे चॅनल ऑन केले, कॅन्सल दाबून बाहेर आलो, परत लाईनीत. सव्वाबारा. रिमोट बंद. चाकं चालूच.

दुसरी फुली. मी म्हटलं अरे मी आत्ता तुझ्यासमोर सेट केलंय, तर तो पोरगा म्हणे, काका झालं नसेल नीट, लंचनंतर या. एक ते सव्वादोन लंच. त्या सव्वा तासात मी रिसीव्हर रिमोटशी दोनदा बाइंड केला, म्हणजे नव्याने जोडला, ईएससी बदलायच्या विचारात होतो, भाच्यावर विनाकारण खेकसलो. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या कोल्हापूरच्या टीममधला एकजण वडापाव खात खात बघत होता, तो म्हणाला, "काका, कॅन्सल नुसतं टच करून सेव्ह हुतंय व्हय? दाबून धरा की ओ."

म्हणजे या रिमोटवर कॅन्सल बटण हलकं दाबलं तर बदल खरोखर कॅन्सल होतात, आणि तेच बटण दाबून धरलं तर सेव्ह होतात. ज्याने कुणी हे ठरवलं त्याला एकदा भेटायचंय मला.

दाबून धरलं. अडीचला परत. चाकं थांबली! मग पेटीत वेपन. रिमोट बंद केला आणि ब्लेड अर्ध्या स्पीडने फिरतच राहिलं. झालं असं की सेव्ह करताना वेपनची डावी दांडी घाईत अर्ध्यावर राहिली होती, ती स्प्रिंगने परत येत नाही, आणि सेव्ह करताना दांडी जिथे असेल तीच पोझिशन फेलसेफ म्हणून जाते. म्हणून सेट करताना वेपनची दांडी पार खाली आणि ड्राइव्हची मधे, नीट बघून. ही तिसरी फुली माझीच चूक, मान्य. पण आधीच्या दोन वेळा "सेव्ह झालंय का बघा" एवढं कुणी बोललं असतं तर?

चार चाळीसला फॉर्मवर टिक पडली. भाच्याने माझ्याआधी उडी मारली.

घरीच तपासून जा हो. ब्लेड काढून, चाकं हवेत ठेवून, चालू असताना रिमोट बंद करायचा, प्रत्येक चॅनलला एकदा. आणि रिमोटचे चारही पेन्सिल सेल नवे न्या.

फाइट? पहिली टक्कर चांगली बसली, समोरच्याचं एक चाक उडालं, पब्लिक ओरडलं, आणि तेवढ्यात आमच्या ब्लेडच्या पुलीचा ग्रब स्क्रू (पुली दांड्यावर घट्ट धरणारा छोटा स्क्रू) ढिला पडून पट्टा सुटला. वेपन गेलं, मग नुसते ढकलत राहिलो आणि हरलो. स्क्रू ढिला पडू नये म्हणून लावायचा गोंद, निळं लॉकटाइट, पिशवीतच होतं. लावायचं राहिलं.

बॅटरीचं सांगायचं राहिलंच. लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी बरेच विक्रेते विमानाने पाठवत नाहीत, रोडने येते, आठवडा-दीड आठवडा हातात धरून मागवा. चार्जिंग फरशीवर, जवळ बसून. वापरायची नसेल तेव्हा सेलला 3.8 व्होल्टवर ठेवायची, फुल 4.2 करून महिनाभर कपाटात टाकलीत तर फुगते, माझी एक फुगली.

आईला नवीन चॉपिंग बोर्ड आणून दिलाय. तिने मुद्दाम लाकडी मागितला, म्हणजे परत माझा डोळा जायला नको.