तुम्ही विचारलेत म्हणून: हा दिवाळीचा कंदील नव्हे

आमच्या बैठकीच्या खोलीतला कागदी दिवा पाहून येणारी मंडळी हमखास विचारतात, “दिवाळी होऊन इतके दिवस झाले, कंदील अजून उतरवला नाही?” परवा तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्या दिव्यांवरून मी हा केला, ते जपानमधल्या गिफू शहरात तयार होतात. १९५१ साली हिरोशिमाला जाताना इसामू नोगुची हे शिल्पकार तिथे थांबले. गावचा कंदिलांचा धंदा मंदावला होता आणि त्यासाठी काही करावे, अशी गळ महापौरांनी त्यांना घातली. नोगुचींनी मेणबत्तीच्या जागी विजेचा दिवा कल्पून नवे आकार रेखाटले आणि त्यांना ‘अकारी’, म्हणजे प्रकाश, हे नाव दिले. पुढे १९८६ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात त्यांनी आपल्या संगमरवरी शिल्पाबरोबर हेच दिवे मांडले. दगड आणि कागद यांना एकाच पंक्तीत बसवण्याचे ते धैर्य मला फार मोलाचे वाटते.

आपल्या आकाशकंदिलात आधी कामट्यांचा सांगाडा बांधतात आणि मग त्यावर कागद चिकटवतात. गिफूत मात्र आकार आधी लाकडी साच्यात असतो. साच्याच्या खाचांमधून बांबूची बारीक काडी फिरवत नेतात, तिच्यावर कागदी तुतीच्या सालीपासून केलेल्या कागदाच्या पट्ट्या चिकटवतात आणि खळ वाळली की साच्याचे भाग सुटे करून तोंडातून बाहेर काढतात. उरतो तो केवळ कागद आणि काडी, तरीही आकार ढळत नाही. शिवाय दिवा घडी होऊन चपटा बसतो.

माझा पहिला प्रयत्न फसला, कारण मी चिंध्यांपासून केलेला जाड हातकागद वापरला होता आणि त्यातून उजेड पाझरेचना. तुतीच्या कागदाचे धागे लांब असतात, त्यामुळे तो पातळ असूनही चिवट असतो. संध्याकाळी दिवा लावला की हे धागे पानाच्या शिरांसारखे दिसू लागतात, काड्यांच्या बारीक रेषा उमटतात आणि दिवसा नुसता पांढरा वाटणारा गोळा भरीव होतो. आत कमी तापणारा एलईडी बल्बच लावावा, धूळ मऊ पिसाने झटकावी, एवढीच त्याची निगा. गेल्या पावसाळ्यात खिडकी आपटून एका बाजूला चीर गेली. तिथे मी त्याच कागदाचे ठिगळ लावले आहे. दिवा लागला की ते थोडे गडद दिसते, आणि तुम्ही नेमके त्याच बाजूला बसला होतात.