सतराचा पाढा

१९९३ साली मी आठवीत असताना आपल्या शाळेच्या पटांगणावर फक्कीने आखलेला २०० मीटरचा ट्रॅक होता आणि त्याच्या आतल्या कडेला, लिंबाखाली सायकल लावून, आम्हांला पळायला शिकवणारे सर उभे असत. पहाटे साडेपाचला आम्ही मुलेमुली गटागटाने पळू लागलो की सर मध्येच एखाद्याचे नाव घेऊन सांगत, "सतराचा पाढा म्हण." पळता पळता तो मोठ्याने आणि न अडखळता म्हणायचा असे. सतरा चोक अडुसष्टला ज्याचा श्वास तुटे, त्याने वेग उतरवायचा. ज्याचा पाढा दहापर्यंत सुरळीत जाई, त्याचा वेग बरोबर, असा सरांचा हिशेब होता. आम्हांला ही गणिताचीच शिक्षा वाटे. इतके सावकाश पळून स्पर्धा कशी जिंकता येईल, हा प्रश्न मी एकदा धीर करून विचारलाही होता. सर म्हणाले, "अगं, विहीर आधी खोल करायची. पाणी उपसायचं नंतर बघू." दुष्काळी माण तालुक्यात वाढलेल्या मुलीला यापेक्षा अधिक समजावून सांगण्याची गरज नव्हती.

गेली अठरा वर्षे मी स्वतः लांब पल्ल्याच्या धावपटूंना शिकवते आहे, आणि सरांनी आमच्याकडून काय करून घेतले हे मला या काळात खरे उमगले. बोलता येईल अशा वेगाने महिनोन्महिने पळत राहिल्याने हृदय एका ठोक्याला अधिक रक्त ढकलू लागते, स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि शरीर साखरेबरोबर चरबीही इंधन म्हणून वापरायला शिकते, त्यामुळे शेवटच्या फेऱ्यांसाठी साखर शिल्लक राहते. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम करताना मी न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्याविषयी प्रथम ऐकले. त्यांनी ८०० मीटर पळणाऱ्या पीटर स्नेललासुद्धा मोसमाच्या सुरुवातीला आठवड्याला सुमारे १६० किलोमीटर पळवले आणि वेगाचे काम स्पर्धा जवळ आल्यावरच सुरू केले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दुपारी स्नेलने ८०० मीटरचे आणि मरे हॅलबर्गने ५००० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. वर्गात हे ऐकत असताना माझ्या डोळ्यांपुढे लिंबाखालची सायकल उभी राहिली. सरांनी लिडियार्ड वाचले होते की नाही, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

सरांचा आठवडा ठरलेला असे. चार दिवस पाढ्याचा वेग, एक दिवस चढ, एक दिवस घड्याळ आणि रविवारी पूर्ण विश्रांती. चढासाठी ते आम्हांला महिन्यातून एकदा एस. टी.ने शिखर शिंगणापूरला नेत. चैत्रात मुंगी घाटातून कावडी चढवणारे लोक पाऊल लहान टाकतात आणि नजर पुढच्या दगडावर ठेवतात, हे त्यांनी आम्हांला दाखवून दिले होते, आणि चढावर तसेच पळायला लावले होते. वर जाताना जोर, उतरताना मात्र चालत यायचे, कारण उतारावर धावताना गुडघ्यांना आणि नडग्यांना बसणारे हादरे कोवळ्या हाडांना सोसत नाहीत, असे ते म्हणत. घड्याळाच्या दिवशी आम्ही २०० मीटरच्या दहा फेऱ्या मारत असू. प्रत्येक फेरी ४८ सेकंदांत, मध्ये एक फेरी चालत. कुणी ४४ सेकंदांत आले तर शाबासकी मिळत नसे; ती फेरी मोजलीच जात नसे.

प्रत्येकाला एक वही दिलेली होती. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची आणि तारखेपुढे आकडा लिहायचा. माझा नेहमीचा आकडा ६२ होता. तो ७० च्या पुढे गेला की सर कारण न विचारता त्या दिवशी मला फक्त चालायला सांगत. नववीत तो तीन आठवडे चढाच राहिला, वेळा घसरल्या आणि मी जिना चढतानाही दमू लागले, तेव्हा सरांनी आईला शाळेत बोलावून घेतले आणि माझे रक्त तपासून घ्यायला सांगितले. हिमोग्लोबिन फक्त ९ निघाले. पाळी सुरू झालेल्या, रोज पळणाऱ्या आणि पोटभर न जेवणाऱ्या मुलींमध्ये लोह कमी पडणे अगदी सर्रास आढळते, आणि रक्तात लोह नसेल तर ऑक्सिजन स्नायूंपर्यंत पोहोचतच नाही, मग सराव कितीही चांगला असो. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांबरोबर सरांनी जेवणानंतरचा चहा बंद करायला लावला, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही, आणि पालेभाजीवर लिंबू पिळायला सांगितले. त्या काळी एका पुरुष शिक्षकाने मुलीच्या आईशी हे इतक्या सरळपणे बोलावे, याचे मोल मला आज फार वाटते. आजही माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलीची पहिली चाचणी मैदानावर होत नाही, ती रक्ताची होते.

शाळा सुटल्यावर मी बाहेरगावी दुसऱ्या एका प्रशिक्षकांकडे गेले. तेथे आठवड्यातून पाच दिवस घड्याळ लावून ४०० मीटरच्या फेऱ्या असत. पहिले तीन महिने माझी वेळ भराभर सुधारली आणि मला सरांची पद्धत जुनाट वाटू लागली, हे येथे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. चौथ्या महिन्यात डाव्या नडगीच्या आतल्या कडेला, बरोबर एका बोटाने दाखवता येईल अशा जागी, दुखू लागले. पहिल्या एक्स-रेमध्ये काही दिसले नाही, कारण हाडाची अशी बारीक चीर सुरुवातीला बहुधा दिसतच नाही, आणि मला पळत राहायला सांगण्यात आले. पुढचे चार महिने मी पळू शकले नाही. दम काही आठवड्यांत वाढतो, हाडे आणि स्नायुबंध मात्र कित्येक महिने घेतात. वेग वाढवण्याची घाई नेमकी त्या मधल्या फटीत माणसाला गाठते.

आपल्याच तालुक्यातील मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळाली, तेव्हा मी माझ्या विद्यार्थिनींबरोबर दूरचित्रवाणीसमोर बसले होते. आम्ही शाळेत असताना स्त्रियांसाठी ही शर्यत ऑलिंपिकमध्ये नव्हतीच; ती २००८ मध्ये आली. ललिता आधी मॅरेथॉन पळत होती आणि नंतर या शर्यतीकडे वळली. प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत ती दहावी आली. मॅरेथॉनसाठी कमावलेला तो दम अडथळ्यांच्या शर्यतीत कसा उपयोगी पडतो, हे मी मुलींना त्या पडद्यावर बोट ठेवून दाखवत होते.

माझी स्वतःची मोठी शर्यत म्हणजे दहावीतील जिल्हास्तरीय ३००० मीटर. बंदुकीचा आवाज होताच सगळ्या मुली सुसाट सुटल्या आणि अर्ध्या फेरीनंतर मी शेवटून दुसरी होते. कुंपणाबाहेरून आपल्या शाळेची मुले "पळ, पळ" म्हणून ओरडत होती, आणि सर मात्र हाताचा तळवा खाली दाबून मला "सावकाश" अशी खूण करत होते. चौथ्या फेरीपासून पुढच्या मुली एकेक करून मागे पडू लागल्या. मी दुसरी आले. त्या दिवसाचे पान माझ्याकडे अजून आहे. पहिले २०० मीटर ४८ सेकंद, मग ४०० मीटरच्या फेऱ्या ९६, ९६, ९७, ९६, ९६, ९५ आणि शेवटची फेरी ८९. एकूण ११ मिनिटे ५३ सेकंद. क्रमांकाचा रकाना सरांनी मोकळाच सोडला आहे, आणि सुरुवातीच्या ४८ भोवती लाल शाईने गोल काढला आहे.