अकरा नावं आणि साठ वर्षांचं गणित

आजोबांच्या ट्रंकेत एक वंशावळ होती. पिवळा पडलेला फुलस्केप कागद, देवनागरी अक्षर, अकरा नावं. सगळ्यात वर मूळपुरुष आणि त्याच्यापुढे कंसात "देवगिरीच्या यादवांचे पदरी". लग्नकार्यात हा कागद हटकून बाहेर निघायचा आणि काका तो वाचून दाखवायचे. मीही ऐकत आले. पन्नाशी उलटल्यावर एकदा सहज हिशेब केला. यादवांचं राज्य 1318 पर्यंत. आजोबांचा जन्म 1915 चा. मूळपुरुष 1315 च्या सुमारास जन्मला म्हटलं तरी मध्ये सहाशे वर्षं, आणि अकरा नावांत पिढ्यांची अंतरं दहा. म्हणजे आमच्या घराण्यात प्रत्येकाला साठाव्या वर्षी मुलगा झाला होता! काकांना सांगितलं तर म्हणाले, "पूर्वीची माणसं धडधाकट होती."

तिथून सुरुवात झाली. तीन वर्षं गेली.

पहिला नियम मी स्वतःला घालून घेतला: खालून वर जायचं. मूळपुरुषाकडून उतरत आलात की प्रत्येक नाव पटत जातं, कारण पटवून घ्यायचंच असतं. अमुक हा तमुकचा मुलगा, असं सांगणारा कागद प्रत्येक सांध्याला हवा. नुसतं नाव सापडणं म्हणजे काही सापडणं नव्हे.

खालच्या तीन पिढ्या सोप्या गेल्या. सातबारा, जुने फेरफार, त्याआधीची हक्कनोंदणी आणि गाव नमुना नंबर 14, म्हणजे कोतवाल बुक. त्यात जन्म-मृत्यू लिहिलेले असतात. मी गेले तेव्हा कुणबी नोंदी शोधणाऱ्यांची रीघ लागली होती आणि मोडी वाचणाऱ्या माणसाला मंत्र्यासारखा मान होता. आमच्या गावाच्या एका रजिस्टरची मधली पानं वाळवीनं खाल्ली होती. तिथं अडले.

मग नाशिकला आमच्या क्षेत्रोपाध्यायांकडे, म्हणजे यात्रेला आलेल्या घराण्यांच्या वह्या ठेवणाऱ्या पुरोहितांकडे. गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, गुरुजींनी लांबट वही काढली आणि दहा मिनिटांत माझ्या खापरपणजोबांची सही समोर आली. सही म्हणजे त्यांनी स्वतः बोरूनं लिहिलेल्या चार ओळी: आपलं नाव, वडिलांचं, आजाचं, भाऊ, मुलगे, बरोबर आलेली आई. वाळवीनं खाल्लेला सांधा इथं जुळला. या वह्यांचा फायदा हा की माणूस स्वतः येऊन स्वतःच्या घरातलं सांगतो, आणि तेही अस्थी घेऊन आलेला असताना, जमिनीच्या भांडणात नव्हे. तोटा हा की जुनी वही जीर्ण झाली की तिची नक्कल उतरवतात. नकलेत लेख गळतात, नावं बदलतात. म्हणून प्रत्येक लेखाला मी एकच विचारत राहिले: हा अस्सल का नक्कल?

वहीनं मला शके 1681 पर्यंत नेलं, म्हणजे 1759 च्या आसपास. त्यापलीकडे मोडी शिकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मोडी अक्षर ओळखायला महिनाभर लागतो, मोडी वाचायला वर्ष. लेखक आधी पानभर आडवी रेघ मारून घेतो आणि मग तिला अक्षरं लोंबकळवत जातो. शब्द कुठं तुटतो ते सांगत नाही, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर करत नाही. पहिले सहा महिने मला प्रत्येक कागदात 'पाटील' दिसायचं. आम्ही पाटील, म्हणून असेल.

पुणे पुरालेखागारात पेशवे दफ्तर आहे. कागद रुमालात बांधलेले असतात; रुमाल म्हणजे खरोखरच कापडाचं गाठोडं. घडणी, रोजकीर्द, शाहू दफ्तर, प्रांत अजमास अशी त्यांची वर्गवारी. आपलं घराणं म्हणून काही शोधता येत नाही. परगणा आणि गाव धरून जायचं. आणि वतनाचा तंटा झाला असेल तर नशीब समजायचं. सुखानं नांदलेल्या घराण्याचा कागद नसतो. आमचे पूर्वज भांडखोर होते, हे मी आता कृतज्ञतेनं सांगते.

पहिली ठेच तारखेला लागली. कागदावर होतं 'सन खमस सबैन मया व अलफ'. अरबी आकडे एककापासून चढत जातात: पाच, सत्तर, शंभर, हजार. 1175. मी ते हिजरी समजले आणि 1761 लिहून मोकळी झाले. वहीशी ताळा लावला तर पाटीलकीच्या कागदावर निशाणी करणारा माणूस दोन वर्षांचा निघाला. दोन रात्री मी त्याचा दुसरा बाप शोधत होते. मोडीच्या वर्गातल्या सरांनी कागद हातात घेतला आणि नुसतं विचारलं, "सुहूर सन धरलात का?" सुहूर सन म्हणजे जुन्या मराठी कागदांत चालणारा, हिजरीहून वेगळा सन; तो मृगाला सुरू होतो. डिसेंबरपर्यंत 599 मिळवायचे, जानेवारीपासून 600. म्हणजे 1774-75. पोरगा पंधरा वर्षांचा झाला आणि त्याचा बापही त्याला परत मिळाला.

दुसरी अडचण नावांची. आडनाव जुन्या कागदात शोधू नये. 'अमुक बिन तमुक पाटील मोकदम मौजे अमुक' एवढंच असतं. बिन म्हणजे मुलगा. आणि आजोबाचं नाव नातवाला द्यायची पद्धत. रामाजीचा कृष्णाजी, कृष्णाजीचा रामाजी, रामाजीचा परत कृष्णाजी. नकलणाऱ्याची नजर एका रामाजीवरून दुसऱ्यावर घसरली की दोन पिढ्या गडप. आमच्या कागदात तीन माणसं अशीच गिळली गेली होती.

ट्रंकेतला कागद आला कुठून, तेही याच शोधात कळलं. 1852 च्या कायद्यानं इनाम कमिशनला, म्हणजे इनामं तपासणाऱ्या इंग्रजांच्या आयोगाला, अधिकार मिळाले आणि इनामदार-वतनदारांना आपला हक्क सिद्ध करायची पाळी आली. तेव्हा आमच्या घराण्यानं दिलेल्या कैफियतीची नक्कल मला मिळाली. तीच अकरातली वरची नावं, तेच यादव. जमीन वाचवायची होती, वंशावळ जितकी लांब तितकी बरी. मी त्यांच्या जागी असते तर यादवांवर थांबले असते का, सांगता येत नाही.

उलट त्याच्या दोनशे वर्षं आधीचा महजर, म्हणजे तंट्याचा निवाडापत्र, फार साधा होता. सन सबा खमसैन व अलफ, म्हणजे 1656-57. पाटीलकीचा तंटा गोतापुढे, म्हणजे गावकऱ्यांच्या न्यायसभेपुढे, आला होता. खाली साक्षी: कुणब्यांच्या नावापुढे नांगराची निशाणी, सुताराच्या नावापुढे किंकऱ्याची, महाराच्या नावापुढे दोराची. नांगर इतका नीट काढला होता की रुमणं वेगळं दिसत होतं. वर आमच्या माणसाचा करीना, म्हणजे त्यानं सांगितलेली हकीकत. त्यात तो सांगतो की मोठ्या दुष्काळात आपला बाप गाव सोडून इथं आला, ओसाड जमीन लावली, म्हणून पाटीलकी आपली. हा 1630 चा दुष्काळ. बापाचं नाव देतो, आजाचं देत नाही. यादवांचा तर उल्लेखच नाही. पाटीलकी जाणार की राहणार अशा वेळी ज्याला यादव आठवले नाहीत, त्याच्या वंशजांना ते दोनशे वर्षांनी आठवले.

मी वरची तीन नावं काढली, मधली गिळलेली तीन घातली. बेरीज पुन्हा अकराच. पण आता एका पिढीला सरासरी तीस वर्षं पडतात. दुष्काळात आलेल्या त्या बापाच्या डोक्यावर मी तुटक रेघ ओढली आहे. तो कुठून आला हे करीन्यात नाही, आणि त्या काळात उठलेल्या गावांच्या कागदांची आशाही फारशी नाही. काका अजून रागावलेले आहेत. लग्नात ते जुनाच कागद वाचतात.

या सगळ्यात अकरा पुरुष सापडले. बायका फक्त नाशिकच्या वहीत, त्याही चार, आणि त्या कुणाच्या तरी आई किंवा भार्या म्हणून आलेल्या. लेकी कुठंच नाहीत. मागच्या महिन्यात एक लेख ताडून बघायला पुन्हा गुरुजींकडे गेले. काम झाल्यावर त्यांनी रिवाजाप्रमाणे वही पुढे केली, "ताई, तुमचाही लेख लिहा." मग स्वतःच थांबले. लग्न झालेल्या बाईचा लेख सासरच्या गावच्या पानावर. ते पान दुसऱ्या वहीत, आणि ती वही दुसऱ्या उपाध्यायांच्या घरी.

थोडा वेळ त्यांनी पेन तसंच धरलं. मग खापरपणजोबांच्या चार ओळींखाली बोट ठेवून म्हणाले, "इथं जागा आहे."

मोडीतच लिहिलं. आधी आडवी रेघ मारली, ती वाकडी गेली.