आईच्या टाचा

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज जाहिरातीच्या होर्डिंगचं सातवं व्हर्जन क्लायंटला पाठवलं. त्यात आई उभी आहे.

पहिल्या लेआऊटमध्ये ती सोफ्यावर बसली होती. पाय स्टुलावर, मांडीवर चकलीची ताटली आणि वर चारच शब्द: ‘आई, यंदा तू बस.’ तयार फराळाचं होर्डिंग. माझ्या आर्ट पार्टनरनं त्या पायांना भेगाळलेल्या टाचा काढल्या होत्या, स्वतःच्या आईच्या टाचांचा फोटो समोर ठेवून. मला काही बोलताच आलं नाही. दिवाळीआधीचे आठ दिवस ओट्यापाशी उभं राहून काय होतं, ते सगळं त्या टाचांत होतं.

नकार कुणीच दिला नाही. ‘छान आहे’ असंच सगळे म्हणाले. मग क्लायंटकडच्या एकांना टाचा नको झाल्या, खाण्याच्या वस्तूजवळ बऱ्या दिसत नाहीत म्हणून. दुसऱ्यांना स्टुलावरचे पाय खटकले. साडीला जरीचे काठ आले. ‘तू बस’वर कुणी तक्रार केली तर? मग हातात ताट आलं, आणि ताट घेतलेली आई बसून कशी राहणार, ती उठली. आता वर लिहिलंय ‘आईच्या हातची चव’. प्रत्येक बदल त्या त्या वेळी मला रास्त वाटला, मी मान डोलावत गेले.

येताना अमूलचं होर्डिंग दिसलं. १९६६ मध्ये ते काम जाहिरातवाल्या सिल्वेस्टर दाकुन्हांकडे आलं, युस्टेस फर्नांडिसनी ती ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी काढली, आणि अमूलच्या वर्गीज कुरियन यांनी सांगून टाकलं की होर्डिंग मंजुरीसाठी पाठवायचीच नाहीत. ताज्या बातमीवर बोलणारी मुलगी ती. सात टेबलांवरून फिरली असती तर बातमी शिळी होऊनच रस्त्यावर लागली असती.

आमच्या एकाही मीटिंगला फराळाच्या कंपनीचे मालक नव्हते. जे होते त्यांच्यावर माझा राग नाही. होर्डिंग गाजलं तर त्यांच्या पदरात काही पडत नाही, बोंब झाली तर जाब मात्र त्यांनाच द्यावा लागतो. ‘हो’ म्हणायची मुभाच त्यांना कुणी दिलेली नाही.

क्लायंटशी बोलणी करणाऱ्या आमच्या सर्व्हिसिंगच्या मुलीला आत्ताच मेसेज केला: मालकांची पंधरा मिनिटं मागून घे, गुरुवारीही चालेल. पहिल्या लेआऊटची मोठी रंगीत प्रिंट काढून नेणार आहे. टाचांसकट.